दूध उतूं गेलें काय?

आपल्याकडे दूध उतूं जाणें ही गृहिणीच्या गैरसावधपणाची खूण समजली जाते. चुलीवर दूध ठेवून जी शेजारणीशीं बोलत उभी राहिली, तिला घरांतील वडील माणसांचे दोन शब्द ऐकून घ्यावे लागतात. आणि व्रतांच्या कहाण्यांतूनहि उतण्यामातण्याविरुद्ध आमच्या बायकांस पिढ्यान्पिढ्या बजावण्यांत आलें आहे. अशा घरांत वाढलेल्या माणसास कोणीं सांगितलें कीं, हिंदुस्थानच्या एका मोठ्या प्रांतांत वर्षांतून एक दिवस सारें घर न्हाऊनमाखून, नवीं वस्त्रें नेसून, चुलीभोंवतीं उभें राहतें तें केवळ दूध उतूं जावें म्हणून. तें उतूं गेलें कीं लहानथोर आनंदानें ओरडतात. आणि त्या दिवशीं एक शेजारी दुसऱ्यास भेटला म्हणजे क्षेमकुशल न विचारतां 'दूध उतूं गेलें काय?' असेंच विचारतो, तर त्यास प्रथमतः नवल वाटल्याखेरीज राहणार नाहीं. हा प्रांत म्हणजे तामिळनाडु आणि हा सण म्हणजे पोंगल.

'पोंगु' या तामिळ धातूचा अर्थच मुळीं उकळून वर येणें, फसफसून उतूं जाणें असा आहे. त्यापासून झालेलें 'पोंगल' हें नांव एकाच वेळीं तीन गोष्टींना लागतें: उतूं जाण्याच्या क्रियेला, त्या भांड्यांत शिजलेल्या अन्नाला, आणि ज्या दिवशीं तें शिजवावयाचें त्या सणाला. तामिळ लोकांचे महिने सौर आहेत. मकरसंक्रमणापासून त्यांचा 'तै' महिना लागतो आणि त्याचा पहिला दिवस, म्हणजे हल्लीं बहुधा १४ किंवा १५ जानेवारी, हा पोंगलचा मुख्य दिवस. आपली संक्रांत ती हीच. परंतु एकच सूर्य एकाच राशींत शिरत असतां महाराष्ट्रांत तो तीळगूळ, सुगडें आणि हळदीकुंकू घेऊन येतो, आणि कावेरीच्या कांठीं तो मातीच्या नव्या भांड्यांतून फेंस होऊन वर येतो, हें पाहिलें म्हणजे सणाचें खरें घर पंचांगांत नसून स्वयंपाकघरांत असतें असें वाटूं लागतें. हाच विचार पोंगलच्या इतिहासावरून थोडा तपासून पाहण्याचें येथें योजिलें आहे.

प्रथम घरांतील विधि पाहूं. सण चार दिवसांचा. पहिला दिवस भोगीचा. हें नांव आपल्याही ओळखीचें आहे. आपण त्या दिवशीं तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लेंकुरवाळी भाजी करतों. तामिळ घरांत त्या दिवशीं भिंतींना चुना लागतो, कोनेकोपरे झाडले जातात, आणि फाटक्या चटया, झिजलेल्या केरसुण्या, मोडके सूप असा जुना पसारा पहांटेच्या अंधारांत दारापुढें जाळला जातो. पश्चिमेकडील कोंगु भागांत कडुनिंबाचे डहाळे, तरवडाचीं पिंवळीं फुलें आणि 'पूळै' नांवाच्या रानरोपाचे पांढरे तुरे एकत्र बांधून छपराच्या वळचणीला खोंवितात. घर असें जुन्यापासून मोकळें आणि नव्यासाठीं राखलेलें झालें म्हणजे दुसरा दिवस उजाडतो.

या दुसऱ्या दिवशीं, सूर्योदयापूर्वींच, अंगण सारवून तांदुळाच्या पिठाची मोठी रांगोळी, तिला 'कोलम्' म्हणतात, काढलेली असते. उंसाचीं सबंध कांडीं पानांसकट उभीं केलेलीं असतात. तीन विटांची चूल मांडून तिजवर नवें भांडें चढवितात. त्या भांड्याच्या गळ्याभोंवतीं हळदीचें कोंवळें रोप, मुळांतील ओल्या गड्ड्यासह आणि वरच्या पानांसह, बांधलेलें असतें; कित्येक ठिकाणीं सोबत आल्याचेंहि रोप असतें. नवी नवरी जशी हळदीनें सजवावी तसें हें मातीचें भांडें सजतें. त्यांत दूध व पाणी घालून जाळ लावितात आणि सर्वजण वाट पाहतात. फेंस कांठावर येऊन ओघळला कीं 'पोंगलो पोंगल!' असा एकच घोष होतो. फेंस कोणत्या बाजूनें ओघळला हें वडील मंडळी लक्षपूर्वक पाहतात, आणि पूर्वेकडे ओघळल्यास विशेष शुभ मानतात. मग नव्या तांदुळाच्या ओंजळी, मुगाची डाळ, गूळ, तूप, वेलदोडे, काजू व बेदाणे पडून गोड पोंगल तयार होतो. मिरीं व जिरें घालून केलेला पांढरा, खारा पोंगल निराळा. केळीच्या पानावर हें सारें वाढून, भोपळा, घेवडा, रताळीं व सुरण यांच्या भाज्यांसह, उघड्या आकाशाखालीं सूर्याला नैवेद्य दाखवितात.

या विधींत एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. त्याला मूर्ति लागत नाहीं, देऊळ लागत नाहीं, आणि भटजीवांचून कांहीं अडत नाहीं. पूजेची मुख्य सामग्री म्हणजे भांडें, विस्तव आणि धान्य; आणि पूजेची अधिकारी म्हणजे घरची थोरली बाई. ब्राह्मण घरांतून मातीच्या भांड्याऐवजीं कांशाचें भांडें येतें आणि कांहीं मंत्रहि म्हटले जातात. परंतु उतूं जाण्याचा क्षण हाच तेथेंहि विधीचा गाभा राहतो.

तिसरा दिवस गुरांचा. आपल्याकडे पोळा श्रावणांत किंवा बेंदूर आषाढांत येतो, म्हणजे बैलाचें काम चालू असतां. तामिळ शेतकरी मात्र काम संपल्यावर त्याचे आभार मानतो. गुरें धुवून, शिंगें रंगवून, गळ्यांत माळा घालून, त्यांना तोच पोंगल खाऊं घालतात. तंजावरच्या बृहदीश्वराच्या मंदिरांतील प्रचंड दगडी नंदीलाही त्या दिवशीं फळें व भाज्या यांच्या माळांनीं मढवितात. घरच्या गोठ्यांतील रीत येथें देवळानें उचललेली दिसते. त्याच सकाळीं घरांतील मुलीबाळी व सुवासिनी हळदीच्या पानावर पिंवळ्या, तांबड्या व पांढऱ्या भाताचे लहान लहान गोळे ओळीनें मांडून ते कावळ्यांस ठेवितात आणि भावांचें कल्याण चिंतितात. ही त्यांची भाऊबीजच म्हणावयाची. फरक इतकाच कीं, येथें भाऊ समोर नसला तरी चालतो, साक्षीला कावळे असले म्हणजे झालें. लग्नानंतरच्या पहिल्या पोंगलला माहेराहून नवें भांडें, तांदूळ, गूळ, ऊंस व हळद येण्याची रीत आहे. त्या भांड्यांत दूध उतूं गेलें म्हणजे सासरच्या चुलीवर माहेरचीच भरभराट वर आली असें होतें. चौथा दिवस 'काणुम्' म्हणजे पाहण्याभेटण्याचा. त्या दिवशीं नातेवाइकांकडे जावयाचें, वडिलांच्या पायां पडावयाचें, आणि चेन्नईसारख्या शहरांत समुद्रावर लोटावयाचें.

आतां असा प्रश्न येतो कीं हा सण किती जुना? या प्रश्नाचें उत्तर देतांना विधि, तिथि आणि नांव या तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात, कारण त्या एकाच वेळीं जन्मलेल्या दिसत नाहींत. तै महिन्याचें महत्त्व फार जुनें आहे. ज्यास संघम् वाङ्मय म्हणतात, त्या प्राचीन तामिळ काव्यांत तै महिन्यांतील स्नानाचा उल्लेख येतो. 'परिपाडल्' या संग्रहांत मदुरेच्या वैगै नदीवर कुमारिका हें व्रत आचरीत असल्याचें वर्णन आहे. परंतु तेथें नदी आहे, मुली आहेत, स्नान आहे; भांडें नाहीं. उलट 'शिलप्पदिकारम्' या महाकाव्यांत, पुहार नगरींतील रक्षक भूताला वाहिलेल्या नैवेद्यांत, फुलें व धूप यांजबरोबर पोंगलचें नांव येतें. येथें भांडें आहे, पण तै महिना नाहीं. तो उत्सव इंद्राचा आहे. यानंतर कांहीं शतकांनीं, सुमारें दहाव्या शतकांत, तिरुत्तक्कदेवर या जैन कवीनें रचिलेल्या 'जीवकचिंतामणि' या काव्यांत एक उपमा आढळते: स्त्रियांनीं पेटविलेल्या जाळावर नव्या भांड्यांत उफाळून येणाऱ्या गोड दुधाच्या पोंगलचा फेंस. ही उपमा योजणारा कवि जैन आहे, आणि ती समजावून सांगण्याची त्याला गरज वाटत नाहीं. तात्पर्य, स्त्री, जाळ, नवें भांडें आणि उतूं जाणारें दूध हें चित्र त्या काळीं इतकें घरोघरचें झालें होतें कीं, धर्मपंथाचा भेद न पाहतां कवीनें तें उचलावें आणि वाचकानें तें तत्काळ ओळखावें.

तिथीची कथा निराळी आहे. उत्तरायणसंक्रांतीच्या पुण्यकाळीं देवालयांस दिलेल्या दानांचे उल्लेख चोळ राजांच्या वेळच्या शिलालेखांत सांपडतात. ती परंपरा राजांची, देवळांची व ज्योतिषांची. सूर्य उत्तरेकडे वळतो तो दिवस आणि मकरसंक्रमणाचा दिवस हे सुमारें तिसऱ्या शतकाच्या अखेरीस एकत्र होते. पुढें अयनचलनामुळें साठ-सत्तर वर्षांस एक दिवस या मानानें ते परस्परांपासून दूर सरकत गेले. आज सूर्य २१ किंवा २२ डिसेंबरलाच वळतो आणि आपण सुमारें तीन आठवड्यांनीं त्याचें स्वागत करतों. ज्योतिषाला ही अडचण वाटेल. कुणब्याला ती कधीं वाटलीच नाहीं. कारण कावेरीच्या त्रिभुज प्रदेशांत पांच-सहा महिने शेतांत उभें असणारें 'सांबा' भाताचें पीक याच सुमारास कापणीला येतें. पेरणीपासून रिकामी होत आलेली कणगी या दिवसांत पुन्हां भरते, देणें फिटतें, लग्नें ठरतात. आणि म्हणूनच तै जन्मला कीं वाट जन्मते, अशा अर्थाची म्हण तामिळांत रूढ झाली. सूर्य नेमका केव्हां वळला याचा हिशेब चुकला तरी नवे तांदूळ दारांत आले ही गोष्ट चुकण्यासारखी नव्हती. संक्रमणाच्या तिथीला घरच्या भांड्याचा विधि येऊन चिकटला तो याच योगानें, असें अनुमान करण्यास हरकत नाहीं.

विधि तिथीहून स्वतंत्र असतो याचें प्रमाण आपल्या घरांतच आहे. माघ शुद्ध सप्तमीला, म्हणजे रथसप्तमीला, आपल्या बायका अंगणांत गोवऱ्या पेटवून मातीच्या बोळक्यांत सूर्यासमोर दूध ठेवितात आणि तें उतूं जाऊं देतात. आरंभीं ज्या गोष्टीचें आपणांस नवल वाटलें ती आपणही करतों. फक्त ती संक्रांतीला न करतां, संक्रांतीचें हळदीकुंकू जेथें संपतें त्या दिवशीं करतों. तिथि येथें चांद्र आहे, तेथें सौर. परंतु अंगण तेंच, सूर्य तोच, मातीचें भांडें तेंच आणि हातही घरच्या बाईचाच. आमच्या सणांत हा विधि एका कोपऱ्यांत राहिला, तामिळ घरांत त्यानें सारा सण व्यापिला.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं या सणाचें स्वरूप काय होतें हें एका परक्या माणसानें लिहून ठेविलें आहे. आबे द्युब्वा हा फ्रेंच मिशनरी १७९२ पासून १८२३ पर्यंत दक्षिणेंत राहिला. म्हणजे त्याच्या वास्तव्याचा बराच काळ तंजावरच्या भोसल्यांच्या गादीवर दुसरे सरफोजी राजे होते, ज्यांनीं १८०३ सालीं आपल्या घराण्याचा मराठी इतिहास बृहदीश्वराच्या भिंतीवर कोरविला. द्युब्वाच्या ग्रंथाचें इंग्रजी भाषांतर १८१६ त प्रसिद्ध झालें. हिंदूंच्या रीतींवर टीका करण्याची संधि सहसा न दवडणाऱ्या या पाद्र्यानें पोंगलचें वर्णन मात्र बारकाईनें केलें आहे: स्नान करून ओलेत्यानें दुधांत तांदूळ शिजविणाऱ्या सुवासिनी, उकळी येतांच उठणारा घोष, आणि मग भेटेल त्याला 'उकळी आली काय?' हा प्रश्न व 'आली' हें उत्तर. दोनशें वर्षांत या देवघेवींत फारसा बदल झालेला नाहीं.

परंतु विसाव्या शतकांत या भांड्यावर अनेकांनीं हक्क सांगितला. १९१६ च्या सुमारास मरैमलै अडिगळ यांनीं शुद्ध तामिळाची चळवळ उभारली. १९२५ पासून पेरियार ई. वे. रामस्वामी यांची स्वाभिमानाची चळवळ सुरू झाली. पहिले शैव, दुसरे निरीश्वरवादी. पण पोंगल हा तामिळांचा स्वतःचा सण, याविषयीं दोहोंकडे एकमत होतें. पुराणकथांवर आधारलेल्या सणांकडे पाठ फिरविणाऱ्यांनाही पोंगल चालत असे, कारण त्यांत कोणाचा वध नव्हता कीं कोणाचा अवतार नव्हता. होतें तें शेत, गुरें आणि अन्न. १४ जानेवारी १९६९ या पोंगलच्या दिवशींच मद्रास राज्याचें नांव तामिळनाडु असें झालें. पुढें २००८ सालीं तै महिन्याचा पहिला दिवस हाच तामिळ वर्षारंभ असा कायदा झाला. राज्यकर्ते पालटतांच २०११ सालीं तो रद्द होऊन वर्षारंभ पुन्हां चैत्रांत गेला. हा सण हिंदूंचा कीं तामिळांचा, सूर्याचा कीं भाषेचा, असा वाद विद्वान् लोक अजूनही करतात. या सर्व काळांत घरच्या बाईनें भांडें मांडलें तें पूर्वीं मांडीत होती त्याच रीतीनें; वर्षारंभ तैंत असो वा चैत्रांत असो, दुधाला उकळी येण्यास तितकाच वेळ लागला.

येथवर आल्यावर या लेखाचा शेवट गोड करून मोकळें होणें सोपें आहे. परंतु ज्या धान्यावर हा सण उभा आहे तें धान्य ज्यांनीं पिकविलें त्यांचीं अंगणें पाहिल्यावांचून घराचा इतिहास पुरा होत नाहीं. तंजावरच्या सुपीक मुलुखांत जमीन मिरासदारांची असे. हा शब्द आपल्याला ओळखीचा आहे, आणि त्यामागील व्यवस्थाही. शेतांत राबणारे बहुसंख्य मजूर अस्पृश्य मानलेल्या जातींचे असत. त्यांना 'पन्नैयाळ' म्हणत, आणि त्यांची मजुरी मापांनीं मोजलेल्या साळींत मिळे. १९५२ सालीं त्यांच्या संरक्षणासाठीं खास तंजावर जिल्ह्यापुरता कायदा करावा लागला, यावरूनच स्थिति समजावी. आणि २५ डिसेंबर १९६८ च्या रात्रीं त्याच जिल्ह्यांतील कीळवेण्मणि या खेड्यांत, मजुरीच्या साळींत अर्ध्या मापाची वाढ मागणाऱ्या मजुरांच्या वस्तीवर हल्ला झाला, आणि एका झोंपडींत आश्रयास शिरलेलीं ४४ माणसें, बहुतेक बायका व मुलें, जिवंत जाळलीं गेलीं. खटल्यांत पुढें जमीनदार उच्च न्यायालयांतून निर्दोष सुटले. या घटनेनंतर विसाव्या दिवशीं पोंगल आला. राज्याला नवें नांव मिळालें. आणि तीन विटांच्या चुलींवर घरोघर दूध उतूं गेलें. त्या वर्षीं कीळवेण्मणींत कोणी कोणास काय विचारलें असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी.

म्हणून आरंभीं केलेल्या विधानाला एक पुस्ती जोडणें अवश्य आहे. सणाचें घर स्वयंपाकघरांत असतें हें खरें. राजा, पंचांग, देऊळ आणि पक्ष यांच्यावरून तो अनेकदां हातबदल झाला असें दिसलें, तरी त्याला जिवंत ठेविलें तें घरानें. पण घर जर आपल्याच भिंतींपुरतें राहिलें तर त्याच्या चुलीवरची समृद्धि दुसऱ्याच्या मापांतून काढून घेतलेलीही असूं शकते. हें तामिळ घरालाच लागू आहे असें नाहीं. मळणीच्या वेळीं बलुतें मागावयास येणाऱ्याला खळ्याच्या कडेला उभें करणाऱ्या आमच्याही घरांना तें लागू आहे.

या सणाच्या अंगीं ती भिंत ओलांडण्याचें सामर्थ्य नाहीं असें मात्र म्हणवत नाहीं. एकोणिसाव्या शतकापासून जे तामिळ मजूर लंकेच्या व मलायाच्या मळ्यांत गेले त्यांच्या नशिबीं स्वतःचें शेत नव्हतें. चहा किंवा रबर यांचा नैवेद्य होत नाहीं. तरी त्यांनीं विकतच्या तांदुळावर पोंगल केला, आणि पिकावांचून सण टिकला. मुंबईंत धारावीच्या वस्तींत तिरुनेलवेलीकडून आलेलीं तामिळ कुटुंबें कित्येक पिढ्या राहत आहेत. तेथें अंगण कोठलें? म्हणून पोंगलच्या दिवशीं बायका रस्त्यावरच ओळीनें चुली मांडतात, आणि एका चुलीचा फेंस ओघळला कीं शेजारच्या चुलीवरची बाईही घोषांत आपला आवाज मिळविते. शहरांतील उंच इमारतींतून आतां भात कुकरांत होतो. त्यांत कांहीं उतूं जात नाहीं, जाऊं नये अशीच त्याची रचना आहे. तरी त्या घरांतूनही एक लहानसें भांडें वेगळें काढून, त्याला हळदीचें रोप बांधून, तेवढें दूध मुद्दाम उतूं जाऊं देतात.

जें भांड्याच्या कांठापर्यंत येऊन थांबलें तें घरापुरतें पुरलें. जें कांठ ओलांडून बाहेर आलें तेंच सणाचें झालें. आमच्या कहाण्यांनीं उतूं नको म्हणून सांगितलें तें माणसाला, दुधाला नव्हे. आणि तामिळ शेजारी जो प्रश्न विचारतो तो स्वतःच्या चुलीविषयीं नाहीं, समोरच्याच्या चुलीविषयीं आहे. त्याचें उत्तर प्रत्येक दारांतून 'गेलें' असें येईल त्या वर्षींचा पोंगल पुरा झाला म्हणावयाचा. तोंपर्यंत हा प्रश्न दरसाल विचारीत राहिलें पाहिजे, आणि उत्तर ऐकण्यासाठीं क्षणभर थांबलेंही पाहिजे.